रेड सॉक्सचे सर्वोत्तम फलंदाज : टेड विल्यम्सनंतर दुसरा कोण?

शिशिरवारा | रविवार, सकाळी १०.०५

बेसबॉलमधल्या बॉस्टन रेड सॉक्स या संघाचा आजवरचा सर्वोत्तम फलंदाज कोण, यावर बॉस्टनमध्ये तरी फारसं दुमत नाही : टेड विल्यम्स. खरा वाद आहे दुसऱ्या जागेचा. तिथे माझ्या वयाचे लोक डेव्हिड ऑर्टिझ म्हणतात, जुनी मंडळी कार्ल यस्ट्रेम्स्की म्हणतात, आकडेवारीत रमणारे जिमी फॉक्स किंवा मॅनी रमिरेझ म्हणतात. माझं मत वेड बॉग्जला. का, ते सांगतो. पण आधी विल्यम्सबद्दल बोलावं लागेल, कारण मोजपट्टी त्याच्याकडूनच घ्यायची आहे.

विल्यम्स म्हटलं की १९४१ साल आणि .४०६ ही सरासरी पुढे येते. २८ सप्टेंबर, हंगामाचा शेवटचा दिवस, फिलाडेल्फियात लागोपाठ दोन सामने. आदल्या दिवशी सरासरी .३९९५५, म्हणजे कागदावर .४०० धरली गेली असती. मॅनेजर ज्यो क्रोनिनने त्याला बाहेर बसायची मुभा दिली होती. तो दोन्ही सामने खेळला आणि आठ ॲट-बॅटमध्ये (वॉक वगळून मोजलेल्या फलंदाजीच्या खेपा) सहा हिट (फटका मारून बेस गाठणं) मारल्या. त्या काळी सॅक्रिफाइस फ्लायसुद्धा (स्वतः झेलबाद होऊन सहकाऱ्याला रन मिळवून देणारा उंच फटका) ॲट-बॅटमध्ये धरत. आजच्या नियमाने ती सरासरी आणखी वर गेली असती.

मला मात्र त्या हंगामातले दुसरे आकडे मोठे वाटतात : १४७ वॉक (चार वाईट चेंडू सोडल्यावर मिळणारा पहिला बेस) आणि फक्त २७ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट). ऑन-बेस .५५३. शंभर वेळा तो फलंदाजीला प्लेटवर आला तर पंचावन्न वेळा बेसवर पोचला. अमेरिकन लीगमध्ये (सर्वोच्च पातळीवरच्या दोन लीगपैकी रेड सॉक्सची) आजही एका हंगामात याच्या पुढे कुणी गेलेलं नाही. आणि पूर्ण कारकिर्दीची त्याची ऑन-बेस .४८२ ही तर साऱ्या बेसबॉलमधली सर्वोच्च. स्ट्राइक झोनमध्ये (चेंडू जिथून गेला तर मारण्याजोगा धरतात तो चौकोन) ७७ चेंडू मांडून कुठल्या जागेच्या चेंडूवर आपली सरासरी किती राहील, हे त्याने स्वतः लिहून ठेवलं. मधोमध आलेल्या चेंडूवर .४००, बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात .२३०. म्हणून तो त्या कोपऱ्यातल्या चेंडूला हात लावत नसे, दोन स्ट्राइक होईपर्यंत तरी नाहीच. पंचांनी चौथा बॉल दिला की चालत पहिल्या बेसवर. यावरून त्याच्यावर टीकाही झाली : संघाला रन हवी असताना हा वॉक का घेतो? पण फलंदाजाचं पहिलं काम आउट न होणं आहे. एका संघाला नऊ इनिंगमध्ये २७ आउट मिळतात, त्यापलीकडे एकही नाही. जो ते कमी खर्च करतो तो संघाचं सगळ्यात जास्त भलं करतो.

या पट्टीने बॉग्ज बघा. १९८२ ते १९९२ बॉस्टनमध्ये. सरासरी .३३८, ऑन-बेस .४२८. सहा वर्षांत पाच वेळा लीगमध्ये सर्वोच्च सरासरी : १९८३, ८५, ८६, ८७, ८८. सलग सात हंगाम दोनशे किंवा त्याहून जास्त हिट. १९८५ मध्ये २४० हिट आणि ९६ वॉक. चेंडू लागून मिळालेला बेस धरला तर त्या एका हंगामात तो ३४० वेळा बेसवर पोचला. आणि अशा माणसाला खालच्या पातळीवरच्या मायनर लीगमध्ये सहा हंगाम कुजवलं होतं, ताकद नाही, पाय जड आहेत म्हणून! दुसरा क्रमांक माझ्या मते त्याचाच. बोला.

मोगरी | रविवार, दुपारी १२.४०

छान धागा. मला यातलं थोडंच कळतं. लेक लिटल लीग खेळतो म्हणून बघायला लागले. एक शंका. क्रिकेटमध्ये सरासरी पन्नास म्हणजे आउट होण्याआधी पन्नास धावा. इथे .३३८ म्हणजे नक्की काय? आणि वॉक त्यात धरत नाहीत का?

शिशिरवारा | रविवार, दुपारी १.१५

मोगरीताई, शंका अगदी मुळातली आहे. इथली सरासरी म्हणजे ॲट-बॅटच्या प्रमाणात हिट. .३०० म्हणजे दहात तीन. वॉक झाला तर तो ॲट-बॅटच धरत नाहीत, त्यामुळे सरासरीत त्याचं श्रेय शून्य. ऑन-बेस या आकड्यात हिट, वॉक, चेंडू लागणं सगळं येतं. स्लगिंग तिसरं : तिथे फटक्यावर किती बेस मिळाले ते मोजतात, सिंगलला एक, डबलला दोन, ट्रिपलला तीन आणि होम रनला चार असा हिशेब ठेवून ॲट-बॅटने भागतात. फलंदाज नुसता पोचतो की जोरातही मारतो, ते त्यातून दिसतं.

लेकाला एकच सांगा : वाईट चेंडू सोडणं हीसुद्धा बॅटिंगच आहे. लहान मुलांना हे पटवणं फार अवघड जातं, कारण सोडलेल्या चेंडूवर कुणी टाळ्या वाजवत नाही.

ब्राइटनकर | रविवार, दुपारी ३.२२

बॉग्जबद्दल आदर आहे, पण दुसरा क्रमांक ऑर्टिझचा. मी आकड्यांनीच सांगतो.

मिनेसोटा ट्विन्सने २००२ च्या डिसेंबरात त्याला सोडून दिलं. जानेवारी २००३ मध्ये रेड सॉक्सने त्याला घेतलं, तेव्हा फार कुणाला दखल घ्यावीशीही वाटली नाही. पुढच्या चौदा हंगामांत बॉस्टनसाठी ४८३ होम रन. २००६ मध्ये ५४ मारले आणि फॉक्सचा १९३८ पासूनचा संघाचा विक्रम मागे टाकला. बॉस्टनमधली त्याची आकडेवारी : सरासरी .२९०, ऑन-बेस .३८६, स्लगिंग .५७०. शेवटच्या हंगामात, २०१६ मध्ये, चाळिसाव्या वर्षी ४८ डबल, ३८ होम रन, १२७ आरबीआय (त्याच्या बॅटिंगमुळे आलेल्या रन), आणि स्लगिंगमध्ये लीगमध्ये पहिला. त्या वयात अशा तऱ्हेने निरोप घेणारा फलंदाज या खेळाने क्वचित पाहिला असेल.

पण हे सगळं बाजूला ठेवा आणि २००४ चा ऑक्टोबर घ्या. अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत यांकीजविरुद्ध ०-३ असे पिछाडीवर. बेसबॉलमध्ये तिथून सात सामन्यांची मालिका तोवर कुणीच जिंकली नव्हती. चौथ्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये यांकीजचा पिचर (चेंडू टाकणारा) मारियानो रिवेरा याच्यासमोर वॉक, डेव्ह रॉबर्ट्सने चोरलेला (चेंडू टाकला जात असताना धावून गाठलेला) बेस, बिल म्युलरची हिट, बरोबरी. बाराव्या इनिंगमध्ये पॉल क्वांट्रिलच्या चेंडूवर ऑर्टिझचा होम रन. तोवर मध्यरात्र उलटून गेली होती, तारीख १८ ऑक्टोबर. त्याच दिवशी संध्याकाळी पाचवा सामना सुरू झाला, चौदाव्या इनिंगपर्यंत चालला, आणि तिथेही ऑर्टिझच्या सिंगलने संपला. एका तारखेत एका माणसाने दोन सामने जिंकून दिले. पुढे १९१८ नंतरचं पहिलं विजेतेपद आलं.

२०१३ ची वर्ल्ड सिरीज (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) तर आणखी थक्क करणारी. १६ ॲट-बॅट, ११ हिट, .६८८. बाकी सगळा संघ मिळून .१६९. त्याला वजा केलं तर ती सिरीज कार्डिनल्सचीच होती. तीन वर्ल्ड सिरीजमध्ये मिळून त्याची सरासरी .४५५ आहे. बॉग्जचा रेड सॉक्स एकदाच वर्ल्ड सिरीजला पोचला, १९८६ ला, आणि मेट्सकडून हरला.

गोदाकाठ | रविवार, संध्याकाळी ७.४८

मी १९७४ ला या भागात आलो. रेड सॉक्सच्या फेनवे पार्क मैदानावर यस्ट्रेम्स्कीला प्रत्यक्ष खेळताना पाहिलेला बहुधा मी इथे एकटाच असेन, म्हणून त्याची बाजू मांडतो.

याझ (इथे सगळे त्याला याझच म्हणतात) लाँग आयलंडवरच्या बटाट्याच्या शेतावर वाढलेला. १९६१ मध्ये तो लेफ्ट फील्डला आला, म्हणजे विल्यम्स निवृत्त झाला त्याच्या दुसऱ्याच वर्षी आणि त्याच्याच जागेवर. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलावर याहून मोठं ओझं टाकता येणार नाही. त्याने ते तेवीस हंगाम वाहिलं. ३,३०८ सामने, ३,४१९ हिट, ४५२ होम रन, १,८४४ आरबीआय, सगळे एकाच संघासाठी. चारशे होम रन आणि तीन हजार हिट असा दुहेरी पल्ला गाठणारा अमेरिकन लीगमधला तो पहिला.

१९६७ साल समजून घेतल्याशिवाय आजचा रेड सॉक्स कळत नाही. १९६६ मध्ये संघ दहापैकी नववा होता. स्टेडियम ओस पडलेलं असे. १९६७ मध्ये याझने ट्रिपल क्राउन (सरासरी, होम रन आणि आरबीआय, तिन्हींत लीगमध्ये पहिला) मिळवला : .३२६, ४४ होम रन, १२१ आरबीआय. त्यानंतर २०१२ मध्ये मिगेल कॅब्रेराने तो मिळवेपर्यंत पंचेचाळीस वर्षं कुणालाही जमलं नाही. शेवटच्या दोन दिवसांत ट्विन्सविरुद्ध दोन्ही सामने जिंकणं भाग होतं. याझने त्या दोन सामन्यांत आठपैकी सात हिट मारल्या. वर्ल्ड सिरीजमध्ये सरासरी .४००, तीन होम रन. सिरीज सातव्या सामन्यात हातातून गेली हे खरं, पण त्या वर्षापासून बॉस्टनने या संघाला पुन्हा घरातलं मानलं.

आणि १९६८. लीगमध्ये .३०१ करून तो पहिला आला. सर्वोच्च सरासरीचा मान मिळवणाऱ्यांत हा इतिहासातला सगळ्यात छोटा आकडा, म्हणून काही जण नाक मुरडतात. त्यांना मी सांगतो, त्या वर्षी अख्ख्या अमेरिकन लीगमध्ये .३०० च्या वर तो एकटाच होता! पिचर इतके वरचढ झाले होते की १९६९ पासून पिचरचा माउंड (तो उभा राहतो तो उंचवटा) पंधरा इंचांवरून दहा इंचांवर आणावा लागला. शिशिरवारांच्या पट्टीनेच बघायचं तर त्या वर्षी याझची ऑन-बेस .४२६ होती, लीगमध्ये पहिली.

आकडेमोड | रविवार, रात्री ९.३०

गोदाकाठ काका, १९६८ चा मुद्दा पूर्ण मान्य. तिथे कुठल्याही दुरुस्तीनंतर याझ फार वर येतो. पण पूर्ण कारकीर्द धरली तर फेनवेचा हिशेब करावाच लागतो. याझची घरच्या मैदानावरची सरासरी .३०६, बाहेर .२६४. जिम राइस : घरी .३२०, बाहेर .२७७. बॉग्जने फेनवेवर .३६९ केलं आहे, म्हणजे त्यालाही घराचा लाभ भरपूर. विल्यम्स घरी .३६१ आणि बाहेर .३२८. पण त्याचे होम रन बघा : घरी २४८, बाहेर २७३. म्हणजे फेनवेने त्याची सरासरी वाढवली, पण होम रन वाढवले नाहीत.

ज्यांनी मैदान पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी : लेफ्ट फील्डला ३७ फूट उंच हिरवी भिंत, ग्रीन मॉन्स्टर, आणि फाउल लाइनवर ती प्लेटपासून फक्त ३१० फुटांवर. इतर मैदानांवर जो उंच फटका फील्डर आरामात झेलतो तो इथे भिंतीवर आपटून डबल होतो. उलट, सरळ जोरकस फटका जो दुसरीकडे होम रन झाला असता तो भिंतीला लागून सिंगल. उजवीकडे अगदी कोपऱ्यात खांब ३०२ फुटांवर, पण तिथून कुंपण झपाट्याने मागे जातं. विल्यम्स डावखुरा, म्हणजे त्याचे फटके त्या लांबच्या उजव्या बाजूला. १९४० मध्ये तिथे बुलपेन (राखीव पिचरची सरावाची जागा) बांधून कुंपण पुढे आणलं, लोक त्याला विल्यम्सबर्ग म्हणू लागले. तरीही त्याने बाहेर जास्त मारले.

बॉग्जही डावखुरा, पण तो मुद्दाम उलट्या बाजूला, भिंतीकडे मारायचा. भिंतीचा इतका पद्धतशीर वापर कुठल्याच डावखुऱ्याने केला नसेल. ही खोट आहे की कला, ते ज्याने त्याने ठरवावं. मी कला म्हणेन. सगळ्यांना तीच भिंत होती.

आता माझा उमेदवार. जिमी फॉक्स. १९३६ ते १९४२, बॉस्टनमध्ये सरासरी .३२०, ऑन-बेस .४२९, स्लगिंग .६०५. शिशिरवारा, तुमच्याच पट्टीवर तो बॉग्जच्या बरोबरीने पोचतो, आणि स्लगिंगमध्ये बॉग्जच्या .४६२ च्या कितीतरी पुढे आहे. १९३८ मध्ये ५० होम रन, १७५ आरबीआय, .३४९. ते १७५ आरबीआय आजही संघाचा विक्रम आहेत. उत्तर द्या.

शिशिरवारा | रविवार, रात्री १०.५०

उत्तर देतो. आधी एक मान्य करू : स्लगिंगला किंमत आहेच. पण १९३८ च्या ५० पैकी ३५ होम रन फेनवेवरचे आहेत. तो उजवा फलंदाज होता, भिंत त्याच्या हाताशी. दुसरं, तिसाच्या दशकात अमेरिकन लीगमध्ये सगळेच फलंदाज भरमसाट रन करत होते. .३२० ही तेव्हा उत्तम सरासरी होती, पण दुर्मीळ नव्हती. बॉग्जने .३६८ केलं तेव्हा रात्रीचे सामने होते, सातव्या इनिंगनंतर ताज्या दमाचा बदली पिचर येत होता, स्लायडर (बाजूला वळणारा वेगवान चेंडू) सगळ्यांच्या हातात होता.

ब्राइटनकर, तुमच्या ऑक्टोबरला माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते शोधतही नाही. रेड सॉक्सच्या इतिहासातला सगळ्यात मोठा क्षणाचा माणूस ऑर्टिझच. पण विल्यम्सने एकच वर्ल्ड सिरीज खेळली, १९४६ ची, आणि त्यात .२०० केलं. सिरीज सुरू होण्याच्या काही दिवस आधी सरावाच्या सामन्यात कोपरावर चेंडू बसला होता. ऑक्टोबरवरच क्रम लावायचा तर विल्यम्सला पहिल्या जागेवरून उठवावं लागेल, आणि ते आपल्यापैकी कुणी करणार नाही.

अनुष्टुभ | सोमवार, सकाळी ७.१०

फॉक्सच्या काळाबद्दल एक गोष्ट कुणीच बोललं नाही, आणि ती बोलल्याशिवाय ही चर्चा अर्धवट राहते. १९३८ मध्ये फॉक्स ज्या पिचरसमोर खेळला त्यांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. १९४१ मध्ये विल्यम्ससमोरही नव्हता. सॅचेल पेज त्या वेळी कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या निग्रो लीगमध्ये चेंडू टाकत होता.

आणि रेड सॉक्सच्या बाबतीत तर हे विशेष टोचतं. १६ एप्रिल १९४५ ला फेनवेवर जॅकी रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्व्हिन विल्यम्स या तिघांची चाचणी झाली. संघाने कुणालाच घेतलं नाही. रॉबिन्सन १९४७ मध्ये ब्रुकलिनकडून उतरला, १९४९ मध्ये .३४२ करून नॅशनल लीगमध्ये पहिला आला. जेथ्रोला १९५० मध्ये याच शहरातल्या बॉस्टन ब्रेव्हजने खेळवलं आणि तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. पुढे महान ठरलेला विली मेज बर्मिंगहॅममध्ये खेळत होता तेव्हा तोही हाताशी आलेला सोडला. मेजर लीगच्या सोळा संघांपैकी कृष्णवर्णीय खेळाडू घेणारा सगळ्यात शेवटचा संघ रेड सॉक्स. २१ जुलै १९५९, पम्प्सी ग्रीन. रॉबिन्सननंतर बारा वर्षांनी.

म्हणून माझ्यासाठी ही यादी जितकी खेळलेल्यांची, तितकीच न खेळलेल्यांचीही आहे. पन्नासच्या दशकात लेफ्ट फील्डला विल्यम्स आणि सेंटर फील्डला मेज असता तर आज आपण दुसऱ्या क्रमांकावर वाद घालत बसलो नसतो. विजेतेपदासाठी २००४ ची वाटही पाहावी लागली नसती. लोक बेब रूथला यांकीजना विकल्याचा शाप सांगत राहिले. संघाला महाग पडलं ते हे.

विल्यम्सबद्दल मात्र मनात कृतज्ञता आहे. १९६६ च्या जुलैत हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधला सर्वोच्च सन्मान) त्याचा सत्कार झाला, तेव्हा स्वतःच्या भाषणात त्याने सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांची नावं घेतली आणि संधी न मिळालेल्या निग्रो लीगच्या खेळाडूंनाही इथे जागा मिळावी अशी आशा जाहीरपणे बोलून दाखवली. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं. १९७१ मध्ये पेज आत आला, १९७२ मध्ये गिब्सन. विल्यम्सची आई मेक्सिकन वंशाची होती, आणि खेळत असताना त्याने ते फारसं कुणाला कळू दिलं नव्हतं. ते भाषण वाचताना मला ही गोष्ट आठवत राहते.

जाता जाता : २०२४ पासून निग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदींत आले आहेत. त्यामुळे .४०० करणारा शेवटचा फलंदाज विल्यम्स, असं आता सरसकट म्हणता येत नाही. गिब्सनने १९४३ मध्ये .४६६ केलं. अमेरिकन आणि नॅशनल लीगपुरतं म्हटलं तर बरोबर.

गोदाकाठ | सोमवार, सकाळी ८.३५

अनुष्टुभ, हे लिहिलंत ते फार योग्य केलंत. राइसला मी पंधरा वर्षं पाहिलं. याझनंतर त्याच लेफ्ट फील्डला आलेला, दक्षिण कॅरोलायनाचा कृष्णवर्णीय मुलगा. १९७८ मध्ये ४६ होम रन, १३९ आरबीआय, फटक्यांवर मिळालेले एकूण ४०६ बेस. अमेरिकन लीगमध्ये ज्यो डिमॅजिओनंतर चाळीस वर्षांत कुणी चारशे बेस गाठले नव्हते. तरी हॉल ऑफ फेमसाठी त्याला शेवटच्या, पंधराव्या संधीपर्यंत थांबवलं. वर्तमानपत्रवाल्यांशी तो गोड बोलत नसे. मतं त्यांच्याच हातात.

मोगरी | सोमवार, दुपारी १.०५

सगळं वाचून काढलं, काही भाग लेकालाही वाचून दाखवला. त्याचा प्रश्न : विल्यम्स सैन्यात गेला नसता तर किती होम रन झाले असते?

आकडेमोड | सोमवार, दुपारी १.५०

अंदाजच करता येतो. १९४३, ४४, ४५ हे तीन पूर्ण हंगाम गेले, तेही चोवीस ते सव्वीस या वयातले. मग कोरियाच्या युद्धात १९५२ आणि ५३ चा बहुतेक भाग. तिथे त्याने लढाऊ विमानातून ३९ मोहिमा केल्या. फेब्रुवारी १९५३ मध्ये गोळ्या लागलेलं विमान त्याने कसंबसं उतरवलं. त्या उन्हाळ्यात परत येऊन ३७ सामन्यांत .४०७ केलं. प्रत्यक्ष होम रन ५२१. १९४२ मध्ये ३६ आणि परतल्यावर १९४६ मध्ये ३८ मारले होते. दरवर्षी तीस जरी धरले तरी साडेसहाशेच्या पुढे जातो. म्हणजे १९६० मध्ये निवृत्त होताना त्याच्या पुढे फक्त रूथ असता. तुमच्या लेकाला हेही सांगा की १९५७ मध्ये, ३९ व्या वर्षात, त्याने .३८८ केलं. पाय मंदावलेले होते, पायांच्या जोरावर मिळणारी एकही सिंगल त्याच्या वाट्याला येत नव्हती.

फेनवेला गेलात तर उजव्या बाजूच्या वरच्या पायऱ्यांत एकच लाल खुर्ची आहे, बाकी सगळ्या हिरव्या. विभाग ४२, रांग ३७, खुर्ची २१. ९ जून १९४६ ला त्याचा फटका तिथे पोचला, ५०२ फूट. त्या मैदानातला सगळ्यात लांब मोजलेला होम रन. ज्याला फेनवेची तिकिटं महाग पडतात त्याने वूस्टरच्या पोलर पार्कला जावं. रेड सॉक्सचे पुढचे फलंदाज २०२१ पासून तिथेच तयार होतात, मुलांना जवळून बघता येतात.

ब्राइटनकर | सोमवार, रात्री ८.१५

मॅनी रमिरेझचं नाव येऊन गेलं पण कुणी त्याच्यावर बोललं नाही. बॉस्टनमध्ये .३१२, ऑन-बेस .४११, स्लगिंग .५८८, २७४ होम रन, २००४ च्या वर्ल्ड सिरीजचा मानकरी. उजव्या हाताचा याच्याइतका देखणा फलंदाज मी पाहिला नाही. ऑर्टिझच्या मागे तो उभा असायचा, म्हणून पिचरना ऑर्टिझला टाळता येत नसे. पण २००९ आणि २०११ मध्ये उत्तेजक चाचणीत तो अडकला, ते बॉस्टन सोडल्यानंतर असलं तरी मला त्याला वर ठेवताना हात अडखळतो.

आणि मूकी बेट्स. २०१८ : .३४६, ३२ होम रन, ३० चोरलेले बेस, एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) आणि विजेतेपद. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याला डॉजर्सना देऊन टाकलं. रफाएल डेव्हर्सलाही जून २०२५ मध्ये जायंट्सकडे पाठवलं. आज या यादीत चढू शकले असते असे दोन जण आपणच घालवले. याझला तेवीस वर्षं जपणारा हाच संघ का, असा प्रश्न पडतो.

शिशिरवारा | सोमवार, रात्री ९.०५

बेट्सचं दुःख इथे सगळ्यांचंच आहे. मॅनीबाबत तुमच्याशी सहमत. ट्रिस स्पीकर मात्र राहून गेला. १९१२ मध्ये .३८३ आणि ५३ डबल, फेनवेच्या पहिल्याच वर्षी. त्यालाही १९१६ च्या हंगामाआधी क्लीव्हलँडला विकलं होतं. रूथच्या आधीची ती मोठी चूक.

आकडेमोड, तुमच्या फॉक्सच्या मुद्द्यावर अनुष्टुभ यांनी जे लिहिलं त्याने माझं बॉग्जचं मत आणखी पक्कं झालं. बॉग्जला त्याच्या काळातल्या सगळ्या पिचरशी सामना करावा लागला, कुणीही दाराबाहेर ठेवलेला नव्हता.

आकडेमोड | सोमवार, रात्री ९.४०

हा मुद्दा वजनदार आहे. पण मग तो ऑर्टिझलाही लागू होतो. त्याच्या काळात तर डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला, जपान, कोरिया, सगळीकडचे पिचर होते. आणि तुमची आउट न होण्याची पट्टी खरोखरच लावायची असेल तर एक नाव अजून कुणीही घेतलेलं नाही. ड्वाइट इव्हान्स. १९७२ ते १९९०, उजव्या बाजूचा फील्डर. लोकांना त्याचा हातच आठवतो, तिसऱ्या बेसवर थेट येणारी फेक. पण १९८० ते १९८९ या दशकात अमेरिकन लीगमध्ये सगळ्यात जास्त होम रन कुणाचे? इव्हान्सचे, २५६. राइसपेक्षा, एडी मरीपेक्षा जास्त. तीन वेळा वॉकमध्ये लीगमध्ये पहिला, १९८२ मध्ये ऑन-बेसमध्ये पहिला. सरासरी .२७२, आणि त्या एका आकड्यामुळे हॉल ऑफ फेमच्या मतदानात तो तिसऱ्याच वर्षी गळाला.

गोदाकाठ | सोमवार, रात्री १०.२०

ड्यूई, म्हणजे आमचा इव्हान्स! वॉल्ट हरिनियाक बॅटिंग शिकवायला लागल्यावर त्याने उभं राहायची ढबच बदलली आणि तिशीनंतर आधीपेक्षा चांगला फलंदाज झाला. १९८६ च्या हंगामाचा अगदी पहिला चेंडू, डेट्रॉइटला, जॅक मॉरिसचा, त्याने थेट बाहेर मारला होता. हरिनियाक बॉग्जसोबतही काम करत असे, तेव्हा तुम्हा दोघांचे उमेदवार एकाच शाळेतले निघाले.

शिशिरवारा | सोमवार, रात्री १०.४५

माझ्या पट्टीने इव्हान्स राइसच्या वर जातो, हे मी इथेच लिहून ठेवतो. राइसची ऑन-बेस .३५२, इव्हान्सची .३७०, आणि फील्डिंग तर वेगळीच. गोदाकाठ काका, तुम्ही दोघांनाही रोज पाहिलंय. ऐंशीच्या दशकात शेवटच्या इनिंगमध्ये दोन आउट असताना प्लेटवर यांपैकी कोण असावा असं वाटायचं?

गोदाकाठ | सोमवार, रात्री ११.१०

१९८० पर्यंत राइस. १९८१ पासून इव्हान्स. आणि त्याच्या आधी बॉग्ज बेसवर पोचलेला.